बावन्नपैकी एकतीस

प्रिय ताई,

मी सांगलीला एका पतसंस्थेत नोकरी करते. वय ३८. गेल्या जानेवारीत मैत्रिणींच्या नादाने गुडरीड्स या वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या ॲपवर वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प टाकला. आठवड्याला एक, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. वाचायला रोज चाळीस मिनिटं मिळतात, ती पण रात्री. डिसेंबरअखेर ३१ झाली. खरं सांगायचं तर शेवटची आठ-दहा मी जाडी बघून उचलली. दोन तर दीडपट वेगाने ऐकली. सासऱ्यांनी दिलेली सातशे पानांची कादंबरी खाकी कव्हर घालून दोन वर्षं कपाटात आहे. तिच्यात तीन आठवडे जातील म्हणून हात लावत नाही.

दुसरं असं, की आमचा बारा जणींचा वाचनगट आहे. एक वही फिरते, तिच्यात जिने तिने वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं. ऑगस्टमध्ये गावातल्याच एका लेखकाच्या कादंबरीबद्दल मी ‘शेवट गुंडाळला आहे’ असं लिहिलं. कुणीतरी पानाचा फोटो त्यांना पाठवला आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन करून नाराजी कळवली. तेव्हापासून मी सगळ्याच पुस्तकांना ‘वाचनीय’ म्हणते. सोबत नोव्हेंबरमध्ये लिहिलेलं एक पाठवते आहे. नव्या वर्षी आकडा किती ठेवू? आणि लिहिणं थांबवू का?

– एक वाचक, सांगली

ता. क. : दिवाळी अंक धरायचे का? आणि मुलीला रोज रात्री वाचून दाखवते ते?

नमस्कार,

आधी हिशेब करू. पतसंस्थेत आहात, तेव्हा कंटाळणार नाही. साध्या डेमी आकाराच्या पुस्तकाची मी तासाला तीसेक पानं वाचते. तुमचाही वेग तेवढाच धरू. २४० पानांचं पुस्तक म्हणजे आठ तास. अशी ५२ म्हणजे ४१६ तास, रोजचा एक तास आठ मिनिटं. तोही एक दिवस न चुकता. गौरी-गणपती, मार्चएंड, मुलीचा ताप, सगळ्यासकट. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. त्यांचे वर्षाला २४३ तास होतात, म्हणजे तीस पुस्तकं. तुमची झाली ३१. काही पातळ होती हे मान्य, पण मार्चएंडही होताच की. हाताशी होता तेवढा वेळ तुम्ही पुरेपूर वाचलंत आणि तरी वर्षभर मागे पडल्याच्या धास्तीत राहिलात. ‘अमुक इतकी पुस्तकं मागे आहात’ असं ते ॲप दर वेळी सांगत असणार. त्याला मार्चएंड काय ठाऊक.

आकडा लावून वाचू नये, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ही रीत गुडरीड्सच्या कितीतरी आधीची आहे. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांचा आणि कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचं ते ठरलेलं. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. रोज एक वाचणारी माणसं घरोघर होती. माझी आजी त्यांतलीच. गुडघे धरले तेव्हा तिची पोथी पाटावरून स्टुलावर आली, पण समास चुकला नाही. आता तिच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात फरक बघा. तिचा आकडा तिला रोज जागेवर बसवायचा, बस. काय वाचायचं यात तो पडायचा नाही, कारण पोथी तीच. दोनशे संपले की पुन्हा पहिला समास. तुमचा आकडा मात्र कपाटापाशी येऊन उभा राहिला आणि ‘ही नको, जाड आहे, ती घे’ म्हणायला लागला. तिथे त्याला बाहेर काढायला हवा होता.

म्हणून येत्या वर्षी पुस्तकं मोजू नका, बैठका मोजा. आठवड्याचे पाच दिवस, चाळीस मिनिटं. दोन दिवस सोडलेत ते सोडलेतच, त्यांची थकबाकी पुढे ओढायची नाही. एवढ्याचेही वर्षाला १७३ तास होतात. सासऱ्यांची सातशे पानं म्हणजे पस्तीस बैठका. तुम्ही तीन आठवडे म्हणताय, पण या वेगाने सात लागतील. लागू देत. जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी तिचाच. त्यानंतर दीडशे तास उरतात, त्यांत नेहमीच्या जाडीची अठरा-एकोणीस पुस्तकं सहज बसतील. गुडरीड्सच्या रकान्यात काहीतरी भरावंच लागत असेल तर १२ भरा आणि विसरून जा.

आणि सात आठवडे दिल्यावर ती कादंबरी जमली नाही तर? तर सात आठवडे द्यायचेच नाहीत. अमेरिकेत सिॲटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांचा एक नियम मला फार सोयीचा वाटतो. पन्नाशीपर्यंतच्या माणसाने पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, नाही रुचलं तर ठेवून द्यावं. पन्नाशी ओलांडली की शंभरातून वय वजा करायचं; उरतील तेवढी पानं पुरेत. मी ६३ वर्षांची, म्हणजे माझी ३७ पानं. म्हातारपणाचे फायदे थोडे, त्यांतला हा एक. तुम्हाला अजून पूर्ण पन्नास वाचावी लागतील. सोडलंत तर सासऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मात्र या सदराच्या कक्षेत येत नाही.

सोडलेलं पुस्तकही वहीत आलं पाहिजे, कितव्या पानावर सोडलं आणि का, तेवढं. मी तीस वर्षं तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसले. तिथे एक काका रोज पुस्तक बदलून न्यायचे. वाचलेलं पुन्हा हातात येऊ नये म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर तळाशी पेन्सिलीने बारीक त्रिकोण काढायचे. ग्रंथपाल म्हणून मी रागावायला हवं होतं. पण कपाटं आवरताना मीच एकविसावं पान उघडून बघायला लागले. काही पुस्तकांत तो त्रिकोण अर्धाच असायचा, दोनच रेघा. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘अर्ध्यात सोडलेलं.’ यापेक्षा आटोपशीर वाचननोंद मी अजून पाहिलेली नाही.

(पुस्तकं ऐकण्याबद्दल थोडक्यात. ऐकलेलं धरायचं, त्यात कमीपणा नाही. पण दीडपट वेगाने ऐकून वाचवलेली मिनिटं कशासाठी हवी होती? पुढच्या पुस्तकाला. मग त्याच्यावर पण दीडपट वेग. माहितीचं पुस्तक असेल तर चालतं. कादंबरीत माणसं बोलता बोलता थांबतात, त्या थांबण्याचं आपण काय करतो ते बघा.)

आता गेलेल्या वर्षाचं. ती ३१ नावं एका कागदावर उतरवा आणि एकही पुस्तक न उघडता प्रत्येकापुढे आठवेल ती एक गोष्ट लिहा. कथानक नको. एखादं माणूस, एखादी खोली, न पटलेला एखादा मुद्दा, वाचताना तुम्ही कुठे बसला होतात, काहीही. जिथे काहीच सुचणार नाही तिथे रेघ मारा. माझ्या अंदाजाने रेघा बऱ्याचशा नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या पुस्तकांपुढे पडतील. पुस्तकं वाईट होती असं लगेच ठरवू नका. त्यांतलं एखादं पुन्हा आणून बघा.

माझी १९९८ सालची डायरी आहे. तिच्यात ४४ नावं आणि त्यांतल्या २३ नावांपुढे एकच शब्द, ‘छान’. एका ठिकाणी उत्साहात उद्गारचिन्ह. त्या २३ पुस्तकांत काय छान होतं, हे आज मला कुणी फाशी देतो म्हणालं तरी सांगता यायचं नाही. पण जुलैच्या पानावर एक नोंद अशी आहे : ‘कराड स्टँड. गाडी दीड तास लेट. नायिकेपेक्षा तिच्या सासूचंच मला पटतंय, हे लेखिकेला चालेल का?’ या दोन ओळींवरून ती अख्खी कादंबरी, सासूच्या नऊवारीच्या रंगासकट, मी आत्ता सांगू शकेन. तेव्हापासून मी वहीत पाचच गोष्टी लिहिते : कधी सुरू केलं, कधी संपलं किंवा सोडलं, कुणी सुचवलं, कुणाकडून आणलं आणि वाचताना मनात आलेलं एक वाक्य, मग ते वेडगळ का असेना. ‘कुणाकडून आणलं’ हे विसरू नका. माझ्याकडे दुसऱ्यांची नऊ पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या चारांचे मालक मला आठवत नाहीत.

हेच वाक्य पुढे परीक्षणाला कामी येतं.

या कामासाठी मराठीत चार शब्द आहेत आणि आपण ते खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो. परिचय म्हणजे पुस्तकात काय आहे ते सांगणं. मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून लिहिला की बरेचदा तो होतो. रसग्रहण आपण शाळेत केलं, कवितेचं. आवडलेलं उलगडून दाखवायचं, आणि कविता न आवडण्याची सोय प्रश्नपत्रिकेत नसायचीच. परीक्षण म्हणजे पारखणं, नाणं वाजवून बघतात तसं. आणि समीक्षा अभ्यासकांची. तिच्या वाटेला तुम्ही-आम्ही जायला नको. तुमच्या वहीला हवं होतं परीक्षण. ऑगस्टनंतर तुम्ही तिथे रसग्रहण लिहिताय, आणि तेही पुस्तकाचा रस न घेता.

तुम्ही पाठवलेलं नोव्हेंबरचं लिखाण इथे देते. ‘ओघवत्या भाषेतलं, एका बैठकीत वाचून संपवावं असं हे पुस्तक प्रत्येकाने संग्रही ठेवायला हवं. मुखपृष्ठ समर्पक. लेखकाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ यावरून पुस्तक लोणच्यांचं आहे की लोहगडाचं, हे ओळखता येईल का? ‘ओघवती’ हा शब्द तर मी बंदच करायला काढला आहे. भाषा ओघवती म्हणजे नक्की काय, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. आणि ‘एका बैठकीत’? तुमची बैठक चाळीस मिनिटांची, म्हणजे वीस पानांची.

गंमत अशी, की ज्या कागदावर तुम्ही हे उतरवून पाठवलंत त्याच्या पाठीमागे तुमच्याच अक्षरात पेन्सिलीने खरडलेलं आहे. बहुतेक कच्चं टिपण असावं, तुमचं लक्ष गेलं नसेल : ‘चारा छावणी. रात्रीचे आवाज — जतच्या घरी बाबांचे बैल. पुढे भाषण.’ अहो, परीक्षण तर हेच आहे! एवढंच नीट वाक्यांत मांडलं तर काय होतं बघा. ‘दुष्काळात चारा छावणीत जनावरं घेऊन राहिलेल्या माणसाच्या आठवणी. रात्री दावणीला जनावरं उठतात-बसतात, साखळ्या वाजतात, ते वाचताना मला जतचं आमचं घर आठवलं. छावणी उठल्यावर मात्र पुस्तक भाषण द्यायला लागतं आणि तिथून पुढे मी चाळलं. गोठ्यात वाढलेल्या कुणालाही पहिला भाग वाचायला द्यावा.’ बैल तुमच्या वडिलांचे, कंटाळा तुमचा. हे दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं आणि दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला चिकटवताही येणार नाही. मी स्वतः हीच चाचणी लावते : लिहिलेलं वाचताना पुस्तकाचं नाव हाताने झाकायचं आणि ते आणखी पाच पुस्तकांना लागू पडतंय का बघायचं. पडलं तर खोडायचं.

त्यातलं शेवटचं वाक्य, कुणाला द्यावं, हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आमच्या प्रशिक्षणवर्गात ती आम्ही पाढ्यांसारखी म्हणायचो. दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हे दोन वेगळे नियम कशाला, असं तेव्हा वाटायचं. खिडकीत बसल्यावर कळलं. मला न आवडलेली पुस्तकं मी मनातल्या मनात कुणाकुणाला नेमून ठेवायचे — हे पोस्टमास्तरांना, हे नर्सबाईंना — आणि ती खरंच जायची. तुम्हाला न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहिताना ते कुणाला आवडेल याचा विचार करून बघा. लिहिणं आपोआप नरमही होतं आणि खरंही राहतं.

ग्रंथालयाच्या पुस्तकांत शेवटच्या कोऱ्या पानावर वाचक काय काय लिहून जातात, ते मी वर्षानुवर्षं खोडरबराने पुसलं. ‘भंकस.’ ‘वेळ घालवू नये.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘तू घालवलास ना?’ आणि एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर, ‘खून माळ्याने केला.’ त्याला मात्र मी कधी माफ केलं नाही.

तुमच्या ‘शेवट गुंडाळला आहे’कडे येते. ‘भंकस’पेक्षा ते बरं, पण जात तीच, शिक्का मारून मोकळं होण्याची. मी ती कादंबरी वाचलेली नाही, तेव्हा उदाहरण रचून देते. ‘तीन भावांचं भांडण दोनशे पानं चालतं आणि शेवटच्या सहा पानांत एका पत्राने मिटतं; मला ते पटलं नाही’ असं लिहिलं असतं, तरी लेखकाला राग आलाच असता. पण मग त्याला त्या पत्राची बाजू मांडावी लागली असती. नुसत्या शिक्क्यावर वाद घालायला काही नसतं, म्हणून माणूस थेट नाराजी कळवतो. ती त्यांनी तुमच्या नवऱ्याला कळवली, हे मात्र निव्वळ गैर. पुस्तक तुम्ही वाचलंत, फोन तुम्हाला यायला हवा होता. नवऱ्याने काय उत्तर दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ‘तिच्याशी बोला’ म्हणाला असेल अशी आशा करते. आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून टाका : या वहीचे फोटो काढू नयेत.

ओळखीच्या लेखकाच्या पुस्तकावर लिहूच नये, असा माझा पूर्वी नियम होता. तालुक्याच्या गावात तो टिकला नाही. लिहिणारे आणि वाचणारे एकाच दुकानात दूध घ्यायला येतात. आता मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते की लेखिका माझ्या ओळखीची आहे. प्रत ‘सस्नेह भेट, अभिप्रायार्थ’ अशी सही होऊन आली असेल तर तेही. वाचणारा मग त्या हिशेबाने वाचतो. एखादं पुस्तक खरोखरच फसलेलं असेल आणि माणूस जवळचा असेल तर वहीत काही लिहायचं नाही, चहाला बोलावून सांगायचं. चहाला न बोलावण्याइतका दूरचा असेल तर लिहायला काय हरकत आहे?

पुस्तकांना द्यायच्या ताऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. गुडरीड्सच्या मूळ मोजणीत दोन तारे म्हणजे ‘ठीक होतं’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. आपण तीन देतो तेव्हा लेखकाचं तोंड उतरतं. पाचांपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास आहे हो!

लिहिणं थांबवू नका, प्रत्येक पुस्तकावर लिहिणं मात्र थांबवा. वीस वाचलीत तर सहा-सात पुस्तकांवर लिहा, ज्यांच्याबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही तेवढ्यांवर. बाकीच्यांना ती पाच नोंदींची ओळ पुरे.

ताजा कलम उरला. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळी अंक वाचतोय की चाळतोय हे नक्की झालेलं नाही. आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रं, मग ओळखीच्या नावांचे लेख, आणि वैचारिक परिसंवाद थेट रद्दीच्या आदल्या दिवशी. पुस्तक म्हणून तो मोजायचा तर कसा? बैठकांचा हिशेब ठेवलात की ही भानगडच राहत नाही. चाळीस मिनिटं बसलात ना अंक घेऊन, झाली एक बैठक.

मुलीला वाचून दाखवता ते तर सगळ्यांत आधी धरा. एकच गोष्ट ती अकरा रात्री मागत असेल तर अकरा बैठका. झोप अनावर झाल्यावर तुम्ही मधलं पान गाळून पुढे जाता तेव्हा ती पकडते का, ते पुढच्या पत्रात कळवा. माझी नात पकडते, आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावते.